चिंच लावलेला कार्डिनल

एकनाथ वैरागडेला आयुष्यभर एका प्रश्नानं छळलं. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या त्याच्या घरी कोणी जेवायला आलं, की हॉलमधल्या काचेच्या कपाटापाशी थबके, आत वाकून बघे आणि विचारी, "हे काय, जुनी नाणी वाटतं?"

"नाणी नाहीत. मेडल्स आहेत."

"अरे वा! कशात मिळाली?"

इथे एकनाथ डोळे मिटून एक मोठा श्वास घेई. मग सांगायला लागे, की ही कोणाला कशात मिळालेली नाहीत, छातीवर लावायचीही नाहीत. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी इटलीत पोप, कार्डिनल, बिशप असली बडी धर्ममंडळी आपला चेहरा ब्राँझमध्ये ओतून घेत आणि मित्रांना पाठवत. एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला एखादं चित्र. तळहातावर घ्यायचं, उलटंपालटं करून बघायचं, शेजारच्याच्या हातात द्यायचं. तो इथवर येईतो पाहुणा भरल्या वांग्यांपाशी पोचलेला असे. वर कोणीतरी पान पुढे करत म्हणायचंच, "पण एकनाथदादा, आपण यांचे फोटो का ठेवायचे? कन्व्हर्ट वगैरे झालात की काय?"

"गाढवाला गुळाची चव काय," पाहुणे गेल्यावर एकनाथ भांडी आवरताना पुटपुटे.

"त्याच गाढवांच्या घरी पुढच्या शनिवारी पॉटलक आहे," विनीता, म्हणजे त्याची बायको, आठवण करून देई. "पोपचा विषय काढू नकोस. पुलाव घेऊन जा आणि गप बस."

माणूस तसा वाईट नाही. अकोल्याचा, अमरावतीला इंजिनिअर झालेला, ओहायोत एमएस केलेला आणि आता डेटा सेंटरमध्ये यंत्रं गार ठेवायच्या खात्याचा मुख्य. हजारो यंत्रांचं डोकं थंड ठेवायचा पगार घेणाऱ्या या माणसाला स्वतःचं डोकं कधी थंड ठेवता आलं नाही, हा विनोद अ‍ॅशबर्नच्या मराठी मंडळात इतका जुना झाला होता, की आता त्यावर फक्त नवे लोक हसत.

हा नाद लागला तो ओहायोत. कोण्या म्हाताऱ्याच्या मागे त्याच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं. विद्यार्थी एकनाथ तिथे खुर्ची घ्यायला गेला आणि खुर्चीऐवजी खिशात एक कार्डिनल घालून आला. बटणांच्या डब्यात पडला होता तो. तपकिरी, गुळगुळीत, पुरणपोळीच्या उंड्याएवढा. दुहेरी हनुवटी, जड पापण्या आणि नाकाशेजारी ठसठशीत चामखीळ. मागच्या बाजूला झऱ्यावर पाणी पिणारं हरीण. त्या चामखिळीनं एकनाथला जिंकलं. एवढा मोठा धर्माधिकारी, पैसे मोजून स्वतःचा चेहरा घडवून घेतोय, आणि घडवणाऱ्यानं चामखीळ लपवली नाही, आणि यानंही लपवायला सांगितली नाही! आपल्याकडे साधा लग्नाचा फोटो पाठवायचा तर आधी मुलीला दोन शेड गोरी करतात, असं एकनाथ चिडून म्हणायचा.

पुढे त्यानं पुस्तकं आणली, वाचली, विकत घेता येतील ती आणखी पदकं जमवली. ती सगळी नंतरच्या काळातल्या नकला होत्या आणि तो तसं मोकळेपणानं सांगे. कार्डिनल मात्र अस्सल, आणि त्याला पुरावा होता. जुन्या पदकाचा साचा घेऊन त्यात पुन्हा ब्राँझ ओतलं, की धातू निवताना आकसतो आणि नक्कल मुळापेक्षा कणभर लहान भरते. हे कळल्यावर एकनाथनं व्हर्निअर लावून कार्डिनल मोजला होता. पुस्तकातल्या मापाशी तंतोतंत जुळला. "कणभरही लहान नाही!" हे वाक्य विनीतानं इतक्यांदा ऐकलं होतं, की ती ते त्याच्या आधी म्हणायची.

आणि मग त्या वर्षी पहिल्यांदाच कोणीतरी नीट विचारलं. दोन तासांवरच्या एका कॉलेजच्या छोट्या संग्रहालयात अशाच धर्मगुरूंच्या पदकांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथल्या हेलन नावाच्या बाईंशी एकनाथचा ईमेलवर परिचय होता. त्यांनी कळवलं, की नोव्हेंबरात तुमचा कार्डिनल आम्हाला उसना द्याल का? प्रत्यक्ष आल्यावर आम्ही तपासून घेऊ, पण फोटोवरून फारच सुंदर दिसतोय. शेजारी पाटी लागेल, 'वैरागडे कुटुंब, अ‍ॅशबर्न, यांच्या संग्रहातून.' एकनाथनं ती ईमेल मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. सदतीस लोकांनी अंगठे दाखवले आणि एकानं विचारलं, इन्शुरन्स आहे ना.

त्याच दिवाळीला लताताई आली.

लताताई त्याची मोठी बहीण, अकोल्याच्या शाळेतून निवृत्त झालेली. एकनाथ अमेरिकेत आल्यापासून तिची भाऊबीज दुरूनच. आधी पाकिटातून कुंकू यायचं, मग फोन, मग व्हिडिओ. व्हिडिओवर ती फोनलाच ओवाळायची आणि तळणीतून निघालेली पहिली करंजी स्क्रीनपाशी धरून म्हणायची, "आ कर, नाथा." तो इकडे, पहाटेचा, दात न घासलेला, आ करायचा. मग ती करंजी ती स्वतःच खायची. दोनदा व्हिसा नाकारला गेला होता. या वर्षी मिळाला. येताना तिनं बॅगेत पाट घालून आणला होता, ओवाळायला. एअरपोर्टवर अधिकाऱ्यानं हे लाकूड कसलं विचारलं, तेव्हा म्हणाली, "फॉर ब्रदर."

पण अमेरिकेतल्या घरात सत्तरीच्या बाईनं करायचं काय? भांडी यंत्र धुतं, कपडे यंत्र वाळवतं, आणि ताईनं खराटा मागितला तर विनीतानं हाताएवढा व्हॅक्यूम दिला. ताई हातावर हात धरून बसे आणि खिडकीतून समोरच्या डेटा सेंटरच्या भिंतीकडे बघे. म्हणून वसुबारसेच्या आदल्या दिवशी विनीतानं तिला देव्हाऱ्यातली उपकरणी काढून दिली, तेव्हा ताईच्या अंगात वीज संचारली. समई, निरांजन, घंटा, पळी-पंचपात्र, ताम्हन, सगळं तिनं किचनमधल्या मोठ्या ओट्यावर मांडलं. चिंच कोमट पाण्यात भिजत घातली.

आणि आपल्या एकनाथरावांनी नेमका त्याच वेळी, त्याच ओट्यावर, खिडकीचा उजेड छान पडतो म्हणून, हेलनबाईंना नवे फोटो पाठवायला कार्डिनल आणून ठेवला. दोन फोटो काढले. तेवढ्यात डेटा सेंटरमधून फोन आला, कुठला तरी चिलर बंद पडला होता. एकनाथ फोनवर ओरडत गाडीत बसला आणि गेला. जाताना वस्तू कपाटात ठेवायचं काम पाच सेकंदांचं होतं. ते त्यानं केलं नाही, ही गोष्ट नंतरच्या आरडाओरड्यात कोणाच्या लक्षात आली नाही, त्याच्या तर अजिबातच नाही.

संध्याकाळी तो परत आला. घर झगमगत होतं. ताम्हनात तोंड दिसत होतं. आणि ताम्हनाच्या मधोमध, समईच्या शेजारी, नव्या कोऱ्या घागरीसारखा लखलखीत होऊन, कपाळाला गंध लावलेला कार्डिनल बसला होता.

"बघ कसे उजळले," ताई कौतुकानं म्हणाली. "किती काळे पडले होते रे बिचारे. गरम पाण्यानं निघेना, मग चिंच-मीठ लावून घासणीनं घासले. कोण आहेत हे? मागे हरीण आहे, मला वाटलं कोणी ऋषी असतील."

एकनाथच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जुन्या ब्राँझवरचा तो तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, तेच त्याचं वय, तेच त्याचं सर्वस्व. तो एकदा गेला की परत येत नाही. हे सगळं त्याला सांगायचं होतं. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"अक्कल गहाण ठेवलीस का? विचारता येत नव्हतं? पाचशे वर्षांत कोणी वाट लावली नाही त्याची, ती तू एका दुपारी लावलीस! म्युझियमला काय दाखवू आता, हे? कशाला बोलावलं मी तुला इथं!"

एकनाथची मुलगी अनिका जिन्यात उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, दॅट वॉज मीन." ताईचे हात अजून चिंचेच्या कोळानं बरबटलेले होते. ते तिनं धुतले, पुसले आणि ती आपल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकनाथ कार्डिनल घेऊन अभ्यासिकेत बसला. हेलनबाईंना नुकसान किती झालंय ते कळवायचं होतं. खालून करंज्या तळल्याचा वास येत होता. ताईनं मुकाट्यानं काम सुरू केलं होतं. एकनाथनं दिवा लावला, भिंग डोळ्याला लावलं आणि आधी रंगाशीच अडखळला. ब्राँझ घासलं तर पिवळसर दिसायला हवं. हा गुलाबी होता. शुद्ध तांबं.

त्यानं पदक उभं धरून कड बघितली. कडेवर, तपकिरी लुकण निघून गेल्यावर, सबंध गोलभर एक बारीक रेघ उघडी पडली होती. जोडाची रेघ. दोन पातळ तांब्याच्या पाऱ्या, मध्ये शिशाचं सारण आणि कड दाबून बंद केलेली. खाली ताई करत होती तीच वस्तू. करंजी!

त्याला सगळं माहीत होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वीज सोडलेल्या द्रावणात साचे बुडवून, त्यांवर तांब्याचा थर चढवून अशा नकला ढिगानं काढत, शौकिनांसाठी आणि शिकणाऱ्यांसाठी. त्यात धातू ओतायचा नसतो, म्हणून आकसतही नाही. माप तंतोतंत जुळतं. जुळणारच! ज्या पुराव्यावर तो इतकी वर्षं पाहुण्यांचे कान किटवत होता, तो पुरावाच नव्हता. पुस्तकातलं ते प्रकरण त्यानं वाचलं होतं, खाली रेघाही मारल्या होत्या. फक्त ते दुसऱ्यांच्या पदकांसाठी वाचलं होतं.

एकनाथनं भिंग खाली ठेवलं. प्रथम लाज वाटली. लाजेच्या पाठोपाठ, खरं सांगायचं तर, त्याला सुटल्यासारखं वाटलं. संग्रहालयात तपासणी झाली असती, तर हेलनबाईंनी अगदी सभ्य शब्दांत त्याला सांगितलं असतं आणि त्या सदतीस अंगठेवाल्यांना कळलं असतं, की वैरागडे बटणांच्या डब्यातली नक्कल घेऊन मिरवत होते. आता तसं काही होणार नव्हतं. आता गोष्ट वेगळी होती: वैरागड्यांचं अस्सल पदक होतं, ते त्यांच्या बहिणीनं घासून टाकलं. बिचारे वैरागडे! झाकली मूठ सव्वालाखाची. त्यानं हेलनबाईंना लिहिलं, की घरातल्या एका व्यक्तीच्या अज्ञानामुळे पदक खराब झालंय, सबब पाठवता येत नाही. उत्तर तासाभरात आलं. फार वाईट वाटलं, असं होतं कधी कधी, घरातल्या त्या व्यक्तीला सांगा, की मनाला लावून घेऊ नका. एकनाथनं ते वाचलं आणि सांगितलं मात्र नाही.

गोष्ट ग्रुपवर गेली आणि दिवाळीभर मंडळाला विषय मिळाला. लक्ष्मीपूजनाला जिथे जावं तिथे कोणीतरी ताईला म्हणे, "काकू, तुम्ही म्हणे पोपला चिंच लावली!" सगळे हसत. ताईही हसल्यासारखं करी. लोक एकनाथच्या खांद्यावर हात ठेवत आणि तो सुस्कारा सोडे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, फक्त हा चोर बोंबलत नव्हता, सुस्कारे सोडत होता. घरात ताईनं कशालाही हात लावणं बंद केलं. पाण्याचा ग्लास घ्यायचा तरी विचारायची, "हा घेऊ का गं, विनीता?" विनीतानं नवऱ्याला दोनदा सुनावलं, "एक ब्राँझचा तुकडा तुला बहिणीपेक्षा मोठा झाला?" एकनाथला याचाही वैताग आला. सगळ्यांचाच आला. सांगायला किती वेळ लागणार होता? एक वाक्य. पण रोज ते वाक्य कालच्यापेक्षा जड होत होतं, कारण आता त्याला आणखी एक वाक्य चिकटलं होतं: आणि हे मला आधीपासून माहीत होतं.

पाडव्याला ताईनं अनिकाला बोलावून हळूच विचारलं, की तिकीट लवकरचं करता येतं का गं. जानेवारीपर्यंत राहायचं होतं तिला.

भाऊबीजेला पाट मांडला. शेजारचा प्रसन्नही आला होता. तिशीतला, पुण्याचा, सख्खी बहीण मेलबर्नला, म्हणून ताईनं आल्या आल्याच त्याला सांगून ठेवलं होतं, की मीच ओवाळीन तुला. पाट एकच, त्यावर एकनाथ बसला, प्रसन्न योगा मॅटवर. अनिका आणि विनीता सोफ्यावर. ताई ताम्हन घेऊन आली. त्यात निरांजन, सुपारी, अक्षता, अंगठी. शेजारच्या वाटीत पहिल्या घाण्यातली एक करंजी वेगळी झाकून ठेवलेली होती.

"ताई, अंगठी सांभाळा हं," प्रसन्न म्हणाला. "तिलाही चिंच लावाल, यार, आणि एकनाथदादा पुन्हा आठवडाभर सुतकात!"

कोणी हसलं नाही. ताई थांबली आणि एकनाथकडे बघत म्हणाली, "नाथा, मला ओवाळणी नको. झालं गेलं मनातून काढलं, एवढं म्हण. मग मी सुखानं जाते. अनिका रविवारचं तिकीट बघतेय."

एकनाथ पाटावरून उठला.

"अरे, मध्येच उठू नये!" विनीता म्हणाली. पण तो कपाटापाशी गेला होता. कार्डिनल काढून त्यानं आणला आणि ताईच्या समोर कड वर करून धरला.

"ही रेघ बघ. दोन पत्रे जोडलेत. आत शिसं आहे. नक्कल आहे ही, ताई. तू काही बिघडवलं नाहीस. त्यात बिघडवण्यासारखं काही नव्हतंच."

"म्हणजे फेक?" प्रसन्न म्हणाला.

"हो. फेक."

ताईनं ती रेघ बघितली, मग भावाकडे बघितलं. "तुला कधी कळलं?"

आत्ता, असं म्हणता आलं असतं. आज सकाळी, असंही. दोन्ही उत्तरं त्याच्या जिभेवर आली होती. हातातली चामखीळ अंगठ्याला लागत होती.

"तू घासलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी," तो म्हणाला. "तू खाली करंज्या तळत होतीस."

"दुसऱ्या दिवशी," ताई म्हणाली. निरांजनाची वात तिनं उगाचच नीट केली. "मग लक्ष्मीपूजनाला ते सगळे हसत होते, तेव्हा तुला माहीत होतं. आणि काल मी तिकिटाचं बोलत होते, तेव्हाही."

"हो."

अनिका म्हणाली, "आत्या, सो... टिकेट चेंज करू?"

"नको," ताई म्हणाली. "मी काही केलेलं नाही. मी कशाला जाऊ? जानेवारीचं आहे ते राहू दे." मग एकनाथला म्हणाली, "बस. ओवाळायचंय."

तो बसला. तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी-अंगठी फिरवली, निरांजनानं ओवाळलं. काही कमी केलं नाही, काही घाईत केलं नाही. तो पाया पडला, तेव्हा डोक्यावर हातही ठेवला. मग तिनं वाटीवरचं झाकण काढलं. एकनाथनं, इतक्या वर्षांच्या सवयीनं, आ केला.

ताईनं करंजी ताटलीत ठेवली आणि ताटली त्याच्यापुढे सरकवली.

"हातानं खा," ती म्हणाली.

मग ती योगा मॅटकडे वळली, प्रसन्नला ओवाळलं आणि डब्यातली एक करंजी काढून स्वतःच्या हातानं त्याला भरवली.